नलूताईंची कड

नलूताई लाकडाचा कापलेला तुकडा हातात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि त्याची कड हळूच गालाला लावायच्या. गालाला काही बोचलं की तुकडा परत मशीनवर. बाहेरच्या माणसाला वाटायचं, बाई लाकडाचे लाड करतात की काय. एका गिऱ्हाइकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, यांना काही होतं का हो? मी म्हटलं, यांना काही होत नाही, त्रास आम्हाला होतो.

गालाचं कारण साधं होतं. जन्मभर शिवणकाम केल्यानं त्यांच्या बोटांची टोकं निबर झाली होती. चहाचा गरम ग्लास त्या सरळ चिमटीत धरायच्या. त्यामुळे बारीकसारीक खरखर बोटांना कळायची नाही, ती गालाला विचारावी लागायची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, पुलगावला, आमच्या कापडाच्या दुकानात. त्या नाचणगावहून सायकलनं यायच्या आणि स्टेशनच्या बाजूला मुलींचा शिवण क्लास चालवायच्या. आता कापडवाला कापड कापत नाही, फाडतो. कात्रीनं एवढीशी खाच द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचं. माझे बाबा त्यात पटाईत. पण नलूताई समोर असल्या की बाबांची टर्रकन बंद. फाडलं की कड ताणली जाते, मग ब्लाउज अंगावर नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या कापडातून एक सूत नखानं पकडायच्या, हळूहळू पूर्ण ओढून काढायच्या, आणि सूत निघालेल्या जागी जी बारीक रेघ उमटायची तिच्यावरून कात्री चालवायच्या. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली, लग्नसराई, बाबांचा जीव वरखाली. त्या गेल्या की बाबा अर्धा तास बडबडायचे. आणि पुढच्या वेळी त्या आल्या की स्वतःच कात्री पुढे करायचे.

पुढे दुकान भावाकडे गेलं. मी संगणकावर ड्रॉइंग काढायला शिकलो आणि वर्ध्याच्या एमआयडीसीत लाकडी कामाच्या एका कारखान्यात लागलो. दारं, स्वयंपाकघरातल्या कपाटांचे शटर, देवघराच्या जाळ्या, पाटीवरची अक्षरं, असं काम. बघतो तर शेडच्या कोपऱ्यात नलूताई सोफ्याच्या गाद्या शिवत बसलेल्या. शिवण क्लास बंद पडला होता, मुली तयार कपडे घ्यायला लागल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, तू त्या फाडणाऱ्याचा मुलगा ना? सगळ्या कारखान्यासमोर. पुढं कित्येक महिने मी तिथं फाडणाऱ्याचाच मुलगा होतो.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा शेठनं सीएनसी राउटर आणलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठं टेबल. त्यावर फळी घट्ट आवळायची. वर एक आडवा दांडा पुढे-मागे सरकतो आणि त्याला बोटाएवढी बिट, म्हणजे कापणारं पातं, गरगर फिरत लटकलेली असते. मी संगणकावर रेघ काढायची, बिटनं त्या रेघेवरून लाकूड कापत जायचं. माणसाच्या हाताचा संबंधच नाही. शेठ सगळ्यांना हेच सांगत होते, की आता हाताचा संबंधच नाही, आता चूक होणारच नाही.

आणि बाप्पा, पहिले दोन महिने त्या मशीननं आम्हाला जो माल दिला! एका बाजूनं कड जळून काळी, दुसऱ्या बाजूनं दातरलेली. ऑपरेटर बाहेरून आणलेला होता, गडी मेहनती होता, पण मशीन फार जपून, फार हळू चालवायचा. नलूताई गादीला टाके घालता घालता मान वर करून ऐकायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "हा कापून नाई राह्यला भाऊ. घासून राह्यला." तो गडी काही दिवसांनी बुटीबोरीला चांगली नोकरी मिळाली म्हणून गेला आणि नलूताई सरळ शेठपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मशीन मी चालवीन म्हणाल्या. शेठ हसले. मग गाद्या कोण शिवणार, असं विचारलं. त्यांनी सांगितलं, मशीन चालत असताना मी रिकामीच तर बसणार आहे, तेव्हा शिवीन. शेठनं हो म्हटलं ते बहुतेक या हिशेबावर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक महागाचं प्लाय वाया घालवलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर त्यांना उगाच देवपण यायचं. त्या भयंकर मानी होत्या. चूक झाली की चूक म्हणायच्या नाहीत, त्या दिवशी जेवायच्या नाहीत, एवढंच.

पण हळूहळू त्यांना ते जमत गेलं, आणि त्यांनी ते शिवणकामातूनच जमवलं. पहिल्यांदा रेघेवर कापायचंच नाही म्हणायच्या. केसाएवढं मार्जिन बाहेर ठेवायचं, सगळा आकार कापून घ्यायचा, आणि मग शेवटी एकदाच, हलक्या हातानं, लाकडाच्या पूर्ण जाडीपर्यंत, ते उरलेलं मार्जिन सोलून काढायचं. लाकडालाही कापडासारखं उभं-आडवं सूत असतं. बिट एका दिशेनं गेली तर तंतू बसतात, उलट गेली तर उपटले जातात, म्हणून फिरवायची कुठून ते प्रत्येक लाकडाला बघून ठरवायचं. बिटखालून पडणारा भुसा त्या तळहातावर घ्यायच्या. पिठासारखा आला तर बिट बोथट किंवा चाल मंद. बारीक ढलप्या आल्या की मान डोलवायच्या. तुकडा पूर्ण सुटत आला की थरथरतो आणि शेवटच्या क्षणी कड खराब करतो, म्हणून मध्ये मध्ये दोन-तीन ठिकाणी लाकडाचे बारीक पूल न कापता ठेवायचे आणि नंतर सुरीनं सोडवायचे. त्या पुलांना त्या कच्चे टाके म्हणायच्या. माझ्या ड्रॉइंगमध्ये पूल कमी पडले की मशीनपासून हाक यायची, "भाऊ, कच्चे टाके काऊन नाई टाकले?"

एकदा समुद्रपूरच्या एका डॉक्टरांचे शटर तयार होऊन टेम्पोत चढले होते. डॉक्टर स्वतः न्यायला आलेले. नलूताईंनी शेवटचं शटर गालाला लावलं आणि ते खाली उतरवलं. डॉक्टर म्हणाले, अहो, ही बाजू भिंतीकडे जाणार आहे. त्यावर त्यांनी काही वाद घातला नाही. फक्त मशीन सुरू केलं. डॉक्टरांना दोन चहा पाजून मी घसा कोरडा होईपर्यंत राजकारणावर बोललो. त्यांना राजकारणात रस नव्हता, मलाही नव्हता.

एवढ्या कटकटीची बाई, पण मशीन एका लयीत चालायला लागलं की वेगळीच होऊन जायची. स्टुलावर बसायच्या, मांडीवर गादीचं कापड, सुई हातातल्या हातात थांबलेली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे आत यायचे आणि त्यांत भुसा तरंगत राहायचा, खाली बसायलाच तयार नसायचा. त्यात बघत नलूताई कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. हाक मारली तर ऐकू जायचं नाही. आणि बिटचा आवाज एवढासा जरी बदलला, मला कळायच्याही आधी, त्या उठून बटणाशी पोचलेल्या असायच्या.

मी एकदा विचारलं, तुम्ही जाता कुठं? आधी लाजल्या. मग सांगितलं. त्यांची माय जिनिंगमध्ये कामाला होती, कापसातला काडीकचरा वेचायला. लहानग्या नलूला घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून माय तिला कापसाच्या ढिगात निजवायची. कापसात खोल गेलं की बाहेरचं सगळं पांढरं आणि मऊ. जिनिंगचा घरघराट कापसातून गाळून यायचा, लांबून आल्यासारखा. मध्येच मायचा हात आत यायचा, कापूस चाचपत पोरीचा पाय शोधायचा, सापडला की निघून जायचा. या मशीनचा आवाज एकसारखा झाला की मी तिथं असते, म्हणाल्या.  त्या दुपारी ड्रॉइंग काढताना मीही मशीनचा आवाज ऐकत होतो.

ती माय मी नंतर पाहिली. नाचणगावला विहाराला लागूनच त्यांचं घर होतं. छप्पन साली सासऱ्याचं बोट धरून नागपूरला धम्मदीक्षेला गेलेली, विहाराच्या पहिल्या भिंतीला विटा वाहिलेली, अंगानं मूठभर म्हातारी. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, आणि गेलेली नजर परत येत नसते असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण तिचे हात! मी पाया पडलो तर तिनं माझी बाही चाचपून सांगितलं, की हे सुती नाही, मिसळीचं आहे. कापडवाल्याच्या पोराला.

त्या वर्षी जुन्या विहाराच्या जागी नवा, मोठा हॉल उभा राहिला. मूर्तीच्या मागच्या भिंतीसाठी पिंपळाचं पान करायचं नलूताईंनी अंगावर घेतलं. माणसाच्या उंचीचं पान, सागवानाचं, हळदूच्या पिवळसर लाकडाच्या पाटीत बसवलेलं, त्यात हळदूच्याच शिरा. रंग नाही, खिळा नाही, नुसतं लाकडात लाकूड. शेठनं रविवारी मशीन वापरू दिलं. बुद्धपौर्णिमेला हॉल उघडायचा होता. मायला हे कळलं तेव्हा मी तिथंच होतो. तिनं विचारलं, "मले हातानं दिसन का थे?"

"दिसन," नलूताई म्हणाल्या. "तुह्या हाताले कुठंच अडन नाई, असं करीन."

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बाकी गाव डोळ्यांनी बघणार होतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. मायला ते पान हातानं दिसायला हवं होतं, पौर्णिमेला, सगळ्यांसमोर.

आणि तिथं आम्ही माती खाल्ली. मे महिना, वर्ध्याचं ऊन, आणि शेडमध्ये शेठनं बसवलेला कपाटाएवढा कूलर. त्याचं तोंड मी माझ्याकडे करून घेतलं होतं, म्हणजे आपोआप मशीनकडेही. वाळ्याचा वास, ओली गार हवा, त्या हवेत आम्ही पान कापलं. काय बसलं होतं ते! सागवानाचं पान हळदूत ठेवलं तर आतली हवा निघायला वाट मिळेना, तरंगत तरंगत खाली गेलं. नलूताई चक्क हसल्या. टेम्पोनं नाचणगावला नेलं, भिंतीला लावलं.

चार-पाच दिवसांनी त्यांचा निरोप आला म्हणून गेलो. नवा बंद हॉल, भट्टीसारखा तापलेला, कूलर-पंखा काही नाही. पानाच्या कडेनं सगळीकडे फट पडली होती. नख आरामात जात होतं. गावचा सुतार म्हणत होता, भुसा आणि गोंद भरतो, वरून पॉलिश मारतो, कोणाच्या बापाला दिसणार नाही. नलूताई खाली बसून होत्या. एवढंच बोलल्या, "जिले दिसत नाई, तिच्यासाठीच तं हाय थे."

मग त्यांनी पाटीला गाल लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. लाकूड गरम आहे म्हणाल्या. कारखान्यात हेच लाकूड गालाला गार लागलं होतं. तेव्हा दोघांच्याही डोक्यात उजेड पडला. आमच्या कूलरचं पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं, फुगलेल्या मापानं आम्ही ते कापलं, आणि इथं येऊन ते वाळून आकसलं. देशात कुठंकुठं ही मशीनं चालत असतील, पण वाळ्याच्या हवेत बसून मापं बिघडवणारे आम्हीच. मी कूलरचा फार मोठा भक्त होतो, माझं तोंड अगदी उतरलं.

पौर्णिमा जवळ आली होती. नलूताईंनी नव्या फळ्या आणून आधी त्या हॉलमध्येच उभ्या करून ठेवल्या, तिथली हवा अंगात मुरू दिली. मग एका रविवारी त्या कारखान्यात आणल्या, आणि कूलर बंद. मी खूप चिडलो. संगणक बंद पडेल, मी बंद पडेन, सगळं बोलून झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर डोक्यावरून घेऊन, घामानं निथळत त्यांनी नवी बिट लावली. लाकडावर घामाचा थेंब पडू नये म्हणून त्या मान वळवून वाकत होत्या. पानाचं ते लांब निमुळतं टोक गोल बिटला जमत नाही. आतला कोपरा तेवढा गोलच राहतो. तो त्यांनी पटाशीनं, हातानं, श्वास रोखून काढला. शेवटचं मार्जिन सोलताना ढलप्या अशा काही पडत होत्या की मीही चिडायचं विसरलो. उन्हानं शेड पांढरीफटक झाली होती, मशीनचा आवाज एकसारखा येत होता आणि क्षणभर मला वाटलं, कापसाच्या ढिगात मीच निजलो आहे.

हॉलमध्ये पान बसवलं, घासून पाटीच्या पातळीत आणलं, पॉलिश केलं. दिवसामागून दिवस नलूताई जाऊन बघत होत्या. फट पडली नाही. नख सोडा, सागवान कुठं संपलं आणि हळदू कुठं लागलं हे नुसत्या रंगावरून कळत होतं. अख्ख्या हयातीत आपल्या हातून अशी कड निघाली नव्हती, असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मानी बाई होती, आणि त्या दिवशी तिला तो हक्क होता.

पौर्णिमेला सकाळी हॉल पांढऱ्या साड्यांनी भरून गेला. मेणबत्त्या, अगरबत्त्या, बाहेर खिरीचं मोठं पातेलं. भंतेजींनी वंदना घेतली. मग नलूताई मायला हाताला धरून मूर्तीच्या मागे घेऊन गेल्या. लोक सरकून जागा देत होते. मायनं पाटीवर तळहात ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला. वर नेला, खाली आणला. दुसरा हात ठेवला. 

"गुळगुळीत हाय," माय म्हणाली. पुन्हा हात फिरवला. मग विचारलं, "पान कुठी हाय व?"

नलूताई म्हणाल्या, "तुह्या हाताखालीच हाय, माय."

"मले तं नुसती पाटीच लागून राह्यली."

मागं कोणीतरी कौतुकानं बोललं, बघा, काय काम आहे, हाताला सुद्धा कळत नाही! मी नलूताईंकडे पाहिलं. ज्या बिनफटीच्या कडेसाठी आम्ही कूलर बंद केला होता, तीच मायच्या बोटांपासून पान हिरावून घेत होती. तो पहिला, फटी पडलेला, सुतारानं बुजवायला काढलेला पिंपळ तिला लगेच सापडला असता.

नलूताईंनी मायचं बोट धरून कडेवरून न्यायला सुरुवात केली. मायनं हात सोडवून घेतला. "तू नको नेऊ. मले सापडू दे," म्हणाली. आणि ती परत चाचपडायला लागली, शांतपणे, जिनिंगमध्ये काडी शोधावी तशी. सापडत नव्हतं.

नलूताईंनी माझ्याकडे हात केला. पान बसवताना नेलेली पटाशी अजून माझ्या पिशवीतच होती. मी दिली. त्या पावसाळ्यात मी वर्धा सोडून नागपूरला गेलो आणि पुन्हा त्यांच्याबरोबर काम करायचा योग आला नाही, त्यामुळे त्यांच्या हातात हत्यार मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. त्या देठाशी खाली बसल्या आणि त्या नितळ कडेत पटाशीचा कोपरा घातला. विहार समितीचे अध्यक्ष पुढे आले, अवो ताई, राहू द्या, इतकं चांगलं आहे, असं म्हणत होते. त्या थांबल्या नाहीत. आयुष्यात माप घेतल्याशिवाय त्यांनी काही कापलं नव्हतं, आणि आता पट्टी नाही, खडू नाही, नुसता हात. पॉलिश उखडत होतं, रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक, एका ठिकाणी घसरलीसुद्धा. देठापासून एका अंगानं वर टोकापर्यंत, आणि दुसऱ्या अंगानं परत खाली. मग शिरा. त्यांचा पदर लाकडाच्या कणांनी भरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्या थांबल्या नाहीत. 

मग त्या बाजूला झाल्या. मायला हाक मारली नाही की तिचा हात धरला नाही. मायचा तळहात फिरत फिरत खाली आला आणि एका जागी थबकला. तिनं बाकीची बोटं मिटून एकच बोट त्या चरात ठेवलं. बोट वर निघालं. पानाच्या पोटाशी फुगीर झालं, वळलं, निमुळतं होत गेलं. माय टाचा उंचावत गेली. टोकाशी बोट थांबलं.

"इथी संपलं का?" तिनं विचारलं.

"हाव माय. इथीच."

मायनं बोट तिथंच ठेवलं, खूप वेळ. मग ती खाली वाकली आणि पुन्हा देठापासून सुरू झाली. मागं रांग खोळंबली होती, लेकरं खिरीसाठी कुरकुरत होती, अध्यक्ष घड्याळ बघत होते. नलूताई जमिनीवर बसल्या होत्या, पाठ लोकांकडे, एक हात मागं पसरलेला. त्यांनी कोणालाच पुढे येऊ दिलं नाही.